मीच तर चालवतो

चपला काढून तिने डावा पाय क्लचवर ठेवला आणि तो खाली टेकेपर्यंत दाबला. पाठ सीटला चिकटलेलीच राहिली. मग तिने पर्समधून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि वाकून सीटच्या पायापाशी, पत्र्यावर, एक आडवी रेघ ओढली.

"इथं," ती म्हणाली.

वेल्डर दारापाशी उकिडवा बसला होता. सीट त्याने जुन्या जागेवरून कापून आधीच मोकळी केली होती. त्याने निळ्या रेघेकडे पाहिलं, मग चांगलं वीतभर मागे राहिलेल्या जुन्या वेल्डच्या काळ्या डागाकडे.

"काकू, इथं पकडली तर काकांना बसता यायचं नाही."

"त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"ते आज. बरे झाले की चालवणारच ना? त्यापेक्षा मला थोडा वेळ द्या, भंगारातल्या कुठल्या तरी गाडीची सरकती रेल शोधून बसवतो. मग ज्याला जशी हवी तशी ओढून घ्या."

"नको. पक्की करा."

"मग एक सांगून ठेवतो. खालचा पत्रा गंजून कागदासारखा झालाय. पुन्हा काढा म्हणाल तर सगळा तळच हातात येईल."

"म्हणजे आता बसवाल ती कायमची?"

"कायमची."

"मग लावा," ती म्हणाली आणि इतक्या खुशीत गाडीतून उतरली, की वेल्डरने काळा चष्मा डोळ्यांवर ओढायच्या आधी तिच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कटर होती. तिथे सगळे तिला कटरबाई म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत तिने दुसऱ्यांच्या मापाने कापड कापलं, आणि घरी आली की घर नवऱ्याच्या मापाने चालायचं. दिवाणखान्यातली खुर्ची त्याच्या पायांना बेतलेली, न्हाणीघरातला आरसा त्याच्या तोंडापुढे, फडताळाचा वरचा कप्पा त्याच्या हाताला येईल असा. तिला लागणाऱ्या सगळ्या वस्तू त्याच कप्प्यात कशा जायच्या, हे कोडं तिला कधी सुटलं नाही. घरात एक स्टूल होतं, त्यावर चढून तिने संसार केला.

नवरा हिशेब तपासनीस होता. मुलीने शाळेत असताना त्याचं नाव अर्थमंत्री ठेवलं आणि त्याला ते इतकं आवडलं, की फोन उचलूनही तो "अर्थमंत्री बोलतोय" म्हणायचा. अर्थमंत्र्यांच्या भाषणाचा एक ठरलेला विषय होता. पाहुण्यांच्या हातात चहाचा कप पडला, की ते सुरू व्हायचे.

"नवी गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली, की जुनी झाली. लोक गाडी घेत नाहीत हो, शेजाऱ्याचं पडलेलं तोंड बघायचं तिकीट काढतात. आमची बघा."

मग पाहुण्यांना चहा अर्धा ठेवून खाली जावं लागायचं आणि 'आमची' बघावी लागायची.

खोटं कशाला बोला, गाडी तो जपायचा. ऑइल वेळच्या वेळी, टायरमधली हवा स्वतः बघून, पावसापाण्याचा चिखल त्याच दिवशी धुऊन. समोरच्या घरातल्या गाड्या येत होत्या, जात होत्या. ही मात्र होती तिथेच होती आणि सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची. जपणारा माणूस वाईट नसतो. तो फक्त गाडीच जपत असला तर घरातल्यांनी काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो.

ड्रायव्हरच्या सीटची रेल तुटली तेव्हा कंपनी ही गाडी अजून बनवत होती आणि नवी रेल दुकानात मिळत होती. किंमत ऐकून अर्थमंत्री हसले. त्यांनी गाडी याच वेल्डरकडे आणली, पाय लांब करून ऐसपैस बसले आणि म्हणाले, "इथंच पकडून टाक. सरकवायचीय कशाला? मीच तर चालवतो."

ती शेजारी उभी होती. तिचं लायसन्स तिच्या पर्समध्ये होतं. दर रविवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला, आईकडे, ती स्वतः गाडी घेऊन जात होती. हे त्याला माहीत नव्हतं अशातला भाग नव्हता. त्या क्षणी ते त्याच्या डोक्यात आलं नाही, एवढंच. आणि ती मूग गिळून बसली. त्यानंतर आईकडे जाणं व्हायचं, नाही असं नाही. त्याला वेळ असेल तेव्हा.

मग ती सकाळ आली. आईच्या शेजारणीचा फोन होता. आईला धाप लागलीय, सारखं तुझं नाव घेतेय, असशील तशी ये. नवरा हिशेब तपासायला परगावी गेलेला. टॅक्सीवाल्यांपैकी एकही जण फोन उचलेना. खाली गाडी उभी होती, टाकी भरलेली, घासूनपुसून लख्ख.

तिने दोन उशा आणि सोफ्याची गादी पाठीमागे कोंबली. उशा दबल्या की ती मागे जायची आणि क्लच अर्ध्यावर असतानाच पाय संपायचा. टोकावर सरकून बसली तर पाठीला आधार नाही; ती क्लचला ढकलायची त्याहून जास्त जोराने क्लच तिला ढकलायचा. गिअर पडायचा नाही. एकदा कसाबसा पडला, तर गाडी चार हिसके खाऊन फाटकातच बंद पडली. पुन्हा. पुन्हा. शेवटी गाडी तशीच रखवालदाराच्या हवाली करून ती हमरस्त्यापर्यंत पळत गेली आणि दुधाच्या टेम्पोला हात केला. पोचली तेव्हा शेजारीण दारातच उभी होती.

"आत्ताच गं," ती म्हणाली. "दारात खुट्ट झालं तरी 'आली का' विचारत होती."

हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. तो परत आला तोवर उशा पलंगावर गेल्या होत्या, रखवालदाराने ढकलून गाडी जागेवर लावली होती. "टॅक्सी नाही मिळाली का?" त्याने विचारलं होतं, आणि ती "नाही" म्हणाली होती. सांगितलं असतं तर त्याने हिशेब मांडला असता, की तू वेळेवर पोचली असतीस तरी त्या वयात काय फरक पडणार होता. त्याचं गणित बरोबरही निघालं असतं. ते बरोबर गणित तिला ऐकायचं नव्हतं. राग तिने चांगलं कापड ठेवावं तसा ठेवला. घडी घालून, कसर लागू न देता.

म्हणून डॉक्टरांनी "निदान सहा महिने गाडी नको" म्हटलं, तेव्हा ती फार काळजीने मान हलवत होती आणि मनातल्या मनात वेल्डरच्या दुकानाकडे निघालीही होती.

ते महिने तिचे होते. व्यायामासाठी नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं, आणायचं. सीट पुढे आलेली त्याला दिसत होती, पण तिने सरकती रेल बसवून घेतली असेल असं तो धरून चालला होता. तो डावीकडे बसायचा, पायापाशी नसलेला ब्रेक दाबायचा आणि कळवळायचा.

"दुसरा टाक. अगं, दुसरा!"

"टाकलाय."

"मग आवाज का करतेय अशी?"

"जुनी झालीय. करणारच."

उन्हाळा वाढला तसा त्याच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. एकदा तो सिग्नलला शेजारच्या बंद काचांच्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिला.

"एसी असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"हवेला पैसे मोजायचे का? काच खाली करा की."

हे वाक्य त्याचंच होतं. ते परत देताना तिला जो आनंद झाला, तो तिने तोंडावर दिसू दिला नाही. स्टिअरिंग जड होतं; संध्याकाळी खांदा धरायचा. ती स्टुलावर चढून वरच्या कप्प्यातलं मलम काढायची, खांद्याला चोळायची आणि सुखाने झोपायची. गाडीची देखभाल तिने नवऱ्यापेक्षा चढ ठेवली. क्लचप्लेट बदलली, गंजावर रंग लावला, बारीकसा आवाज आला तरी मेकॅनिककडे पळाली. गाडी बसली असती तर सगळंच बसलं असतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा चावी फिरवत खाली उतरला. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली. चहाही बरोबर घेतला होता.

दार उघडलं. डावा पाय आत गेला आणि अडकला. मग तो कंबरेतून वाकला, मागचा भाग आधी आत नेला, पण गुडघे स्टिअरिंगखाली शिरेनात. हात सीटखाली गेला, चाचपडला आणि थांबला. त्याने वर पाहिलं.

"अगं, ही सीट सरकत का नाही?"

"वेल्ड करून घेतली."

"पण इतकी पुढे?"

"सरकवायचीय कशाला? मीच तर चालवते."

चावी हातात धरून तो तसाच उभा राहिला. आठवलं का याला, तिने निरखून पाहिलं. वरून नीट कळेना. मग तो चालतच फाटकाबाहेर पडला. वेल्डरकडे गेला होता हे ती न सांगताच समजली. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

आणि मग जे कोणाला खरं वाटलं नसतं ते घडलं. अर्थमंत्री पलंगावर नव्या गाड्यांच्या रंगीत पुस्तिका पसरून बसले. मुलगी भेटायला आली, ती दारातच थबकली.

"बाबा, ताप वगैरे आहे का?"

"जुन्याला किती टाके घालत बसायचं?" तो म्हणाला. "माणसानं कधीतरी सोय बघावी."

मुलीने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, हो म्हणून टाक. त्यांचं डोकं ताळ्यावर यायच्या आत गाडी दारात येऊ दे. निम्मे तुझ्या फंडातले लागणारेत म्हणे. देशील ना?"

"बघू."

"बघू काय? तूच तर म्हणायचीस, एकदा तरी नवी गाडी हवी."

"म्हणायचे," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

मोह तिला झाला नाही असं नाही. खांदा दुखत होता, वय होत होतं. शोरूमला जाताना चेकबुक तिने खरंच पर्समध्ये टाकलं. तिने मनाशी एक ठरवलं होतं. त्याने एकदा विचारावं. सीट इतकी पुढे का घेतलीस, तुला काय झालं होतं, एवढं एकदा विचारावं. मग ती सगळं सांगेल, त्याचं तोंड खरोखर पडलेलं बघेल आणि सही करून मोकळी होईल. बिचाऱ्याला माहीत तरी कुठे आहे, असं तिला अलीकडे अधूनमधून वाटायला लागलं होतं.

शोरूममध्ये गारवा होता. काचेसारख्या फरशीवर काठी टेकत नवरा एका पांढऱ्या गाडीभोवती फिरला. विक्रीला असलेल्या मुलीने ड्रायव्हरचं दार उघडून धरलं.

"मॅडम, आधी तुम्ही बसून बघा. हे बटण दाबा."

ती बसली. बटण दाबलं तशी सीट आपणहून पुढे आली, वर उचलली गेली आणि तिचा पाय पॅडलवर अलगद टेकला. कोणी तिचं माप घेतलं नव्हतं, तरी.

"आता हे एक नंबरचं दाबून ठेवा. झालं. गाडीच्या लक्षात राहिलं. दोन नंबर सरांचं. सर चालवून आले तरी तुम्ही एक दाबलं, की सीट पुन्हा तुमच्या जागेवर."

"किती सोपं आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच विचित्र वाटला.

"घेऊन टाकू," नवरा म्हणाला. तो खुशीत होता. "काढ चेकबुक."

ती उतरली. दार हळूच लावलं. मग त्याच्याकडे बघून, पाहुण्यांसमोर तो बोलायचा तशा सावकाश सुरात म्हणाली, "आपली चालतेय ना अजून?"

विक्रीची मुलगी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती बाहेर आवारात आली, जुन्या गाडीपाशी. मागून काठीचा आवाज आला.

"लोकांपुढे शोभा करायची होती का?"

"नाही. घरीही चाललं असतं."

"सूड उगवतेयस माझ्यावर?"

"हो," ती म्हणाली. इतकी वर्षं ज्याला हात लावला नाही ते बोलणं इतकं सोपं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "सूडच उगवतेय. आई गेली त्या सकाळी मी..."

"माहीत आहे मला."

ती थांबली.

"काय माहीत आहे?"

"तू गाडी काढून पाहिली होतीस ते." तो तिच्याकडे बघत नव्हता, गाडीच्या टपाकडे बघत होता. "परत आल्यावर मी गाडीत बसलो, तर आरशात मागचा रस्ता दिसेना. मागच्या सीटची शिवण दिसत होती. आरसा खाली वळवलेला होता. तुझ्या उंचीला."

आवारातला रखवालदार एक गाडी मागे घ्यायला शिट्टी वाजवत होता.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सरळ केला."

"आणि?"

"आणि काय? ऑफिसला गेलो."

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "रेल तेव्हा मिळत होती. मी दुकानात जाऊन आलो होतो. पण बदलली असती, तर का बदलली ते बोलावं लागलं असतं."

तो थकलेला दिसत होता. खोटं बोलत नव्हता. मनातल्या मनात हजारदा तिने त्याला आरोपी म्हणून उभं केलं होतं, आणि दर वेळी एकाच गोष्टीवर थोडी सूट दिली होती, की त्याला माहीत नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर ती त्याचं करत आली होती. ऑपरेशननंतर त्याचा गुडघा शेकला होता तोही त्याच भरवशावर. आणि तो मात्र रोज सकाळी त्या सीटवर पाय लांब करून बसत होता, सगळं ठाऊक असताना.

तिने पर्समधून चावी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या. तुम्ही चालवा."

"मी? मी कसा चालवणार? पाय तरी मावतो का माझा?"

"बसून तर बघा."

"वेड लागलंय का तुला? आणि तू?"

"मी बसनं येते."

चावी तिने टपावर ठेवली आणि निघाली. तो मागून हाक मारत होता. आधी रागाने, मग नुसतीच. रस्ता ओलांडून ती बसथांब्यावर उभी राहिली. इथून आवार सगळं दिसत होतं. शोरूमच्या काचेआड ती विक्रीची मुलगी आणि आणखी दोघंतिघं येऊन उभी होती.

त्याने काठी मागच्या सीटवर टाकली. वाकला. एक पाय आत घेतला, बाहेर काढला, दुसरा घातला. मग दारावर हात टेकून अंगच आत लोटलं. डोकं टपाला लागलं असावं, कारण क्षणभर हात डोक्याकडे गेला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले होते. दार लावताना ते दोनदा त्याच्या ढोपराला आपटलं.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मग गिअरचा आवाज आला, करकरत, दात घासल्यासारखा. गाडीने हिसका घेतला आणि बंद पडली. काचेआडचं कोणीतरी हसलं. रखवालदार मदतीला पुढे झाला, त्याला त्याने हाताने परत पाठवलं. पुन्हा चावी फिरली. पुन्हा करकर. गाडी दोन हात पुढे आली, थरथरली, थांबली. त्याने आतून रस्त्याच्या पलीकडे तिच्याकडे पाहिलं. एवढ्या लांबूनही तिला ते समजलं.

बस येऊन मध्ये उभी राहिली.

"चला काकू, जागा आहे," कंडक्टर म्हणाला. "यायचंय ना?"

पलीकडे पुन्हा चावी फिरल्याचा आवाज आला.

"नाही," ती म्हणाली. "पुढची घेईन."

बस निघून गेली. गाडी आता फाटकापर्यंत आली होती आणि तिथेच बंद पडली होती. तिने थांब्यावरच्या बाकावरची धूळ पदराने पुसली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.